अळणी चातुर्मास

माझ्या लग्नाची बोलणी करायला कोणी आलं की पोहे बाहेर येण्याआधी ताई माझ्या आजाराचं नाव सांगायची. ती शाळेत शिकवते, त्यामुळे तिचे उच्चार स्वच्छ आहेत. "याला बायपोलर आहे. गोळ्या जन्मभर. मुंबईत दोनदा ॲडमिट होता. सध्या बरा आहे. चहा घेणार की कोकम सरबत?" बहुतेक पाहुणे सरबत घेत. ते लवकर संपवता येतं.

आजार लपवत नाही म्हणून गावात ताईला मान होता आणि तो योग्यच होता. हे सगळं चालू असताना मी तिच्या शेजारच्या खुर्चीवर बसलेला असे आणि मला कोणी काही विचारत नसे. त्याची दखल त्या मानात घेतली जात नव्हती.

आमचं गाव रेवदंड्याच्या अलीकडे आहे. घरामागे नारळ-सुपारीची वाडी, वाडीत विहीर, पुढे रस्ता, आणि रस्त्यापलीकडे शनिवारी मुंबईच्या गाड्यांनी भरणारं एक रिसॉर्ट. मी मुंबईत एका मराठी दैनिकात उपसंपादक होतो. आजार तिथे उघड झाला. काही आठवडे मी जवळजवळ झोपलो नाही आणि थकलोही नाही. मग एके दिवशी पहिल्या पानाचे सगळे मथळे मी कोणाला न विचारता बदलले. त्यातले दोन वृत्तसंपादकांनी तसेच ठेवले. या गोष्टीवर मी पुढे बरीच वर्षं काढली.

रुग्णालयात डॉक्टर वडिलांशी बोलत, वडील ताईशी बोलत, आणि ताई मला म्हणे, झोप. गोळी लिथियमची होती. तिच्याविषयीच्या सगळ्या सूचना वडिलांना देण्यात आल्या. काही वर्षांनी वडील गेले. तोवर ताईपर्यंत त्यातलं एवढंच पोचलं होतं की गोळी चुकवायची नाही आणि अधूनमधून रक्त तपासायचं.

ताई माझ्यापेक्षा बरीच मोठी. मी पहिल्यांदा ॲडमिट झालो तेव्हा ती पेणहून, सासरहून, मला सांभाळायला आली आणि परत गेली नाही. भावासाठी तिने संसार सोडला असं लोक म्हणत. तीही म्हणे. तिला तो संसार मुळातच नकोसा झाला होता असं मला वाटत आलं आहे. पण त्याला माझ्याकडे दुसरा आधार नाही, म्हणून हे फक्त माझं मत धरावं.

गोळ्यांची डबी तिच्या ताब्यात असे. ती समोर उभी राही, मी पाणी प्यायलो की म्हणे, "तोंड उघड." मी चाळिशी ओलांडली होती.

मुंबई सोडल्यावर मी घरून काम करत होतो. जिल्ह्यातले वार्ताहर बातम्या पाठवत, त्या दुरुस्त करून, मथळे देऊन एका संकेतस्थळावर चढवायच्या. ताई पाहुण्यांना सांगे, "कॉम्प्युटरवर बसतो." एकदा उरणहून बातमी आली की बंदराकडे जाणाऱ्या रस्त्यावर ट्रेलर उभे राहतात आणि गावकऱ्यांना त्रास होतो. मी मथळा दिला, 'ट्रेलरमालकांची मुजोरी'. दुसऱ्या दिवशी एका बाईचा फोन आला.

"तो मुजोरीवाला तूच काय?"

मथळा माझा आहे, असं मी सांगितलं.

"माझे दोन ट्रेलर हायेत. आतमधी पार्किंगला जागा देत नाय, बाहेर लावले तं तुमी फोटो काढता. ड्रायव्हर लोकांनी काय खाडीत उभे करायचे? तू आलावतास बघायला?"

मी वार्ताहराला विचारलं. तो ट्रेलरवाल्यांशी बोललाच नव्हता. मी बातमी सुधारली आणि खाली चूक दुरुस्त केल्याची ओळ टाकली. संध्याकाळी पुन्हा फोन.

"मुजोरी हत्तीएवढी नि माफी मुंगीएवढी."

दुरुस्ती लहान अक्षरातच छापायचा नियम आहे, मी म्हटलं.

"कोनी केला नियम?"

याचं उत्तर मला माहीत नव्हतं आणि मी तसं सांगितलं. नंतर तिने मला सांगितलं की 'म्हायती नाय' असं म्हणणारा पुरुष तिला त्या दिवशी पहिल्यांदा भेटला. ते खरं असण्याची शक्यता कमी आहे.

ती मिठागरवाल्यांची मुलगी. त्यांची मिठागरं भरावाखाली गेली, तिथे आता कंटेनर रचलेले असतात. भाऊ धंद्याला लागले. ती पनवेलच्या नवऱ्याला घटस्फोट देऊन परत आली आणि भावांच्या हाताखाली काम करण्यापेक्षा स्वतःच्या नावावर ट्रेलर घेऊन बसली. ताई तिला 'उरणवाली' म्हणू लागली, तुच्छतेने. तिला ते कळलं तेव्हा ती म्हणाली, "बरोबर हाय की. उरनचीच हाय." म्हणून मीही इथे तेच नाव वापरतो.

पुढे तिचे फोन येतच राहिले. आम्ही पहिल्यांदा भेटलो ते रेवसच्या धक्क्यावर. ती करंज्याहून लाँचने आली. ओहोटी होती, लाँच धक्क्यापासून खाली राहिली होती आणि ती चप्पल हातात घेऊन, वर चढायला मदत करणाऱ्या खलाशाला ओरडत वर आली. मी ताईच्याच पद्धतीने सुरुवात केली. आजाराचं नाव, गोळ्या, दोन ॲडमिशन.

तिने ऐकून घेतलं. "आदीच्या नवऱ्याला कसलाच आजार नव्हता," ती म्हणाली. "एकदम फिट. मारायचा." मग चप्पल पायात घालत, "तू मारतोस?"

"नाही."

"मंग हितं खायला काय मिलतं?"

आम्ही धक्क्यावरच्या टपरीत भजी-पाव खाल्ला. तिने भज्यांना नावं ठेवली आणि सगळी संपवली.

माझा आजार तिने फोनवरून पाहिला. त्या हिवाळ्यात मी काही आठवडे खाली, नैराश्यात गेलो. अशा दिवसांत मला वाक्य पूर्ण करता येत नाही, बातमीतलंही आणि बोलण्यातलंही. तिने त्याबद्दल काही विचारलं नाही. सकाळी ऑफिस उघडलं की ती फोन लावायची आणि टेबलावर ठेवून द्यायची. मी काही बोलायचं नाही, फक्त तोडायचा नाही, असं ठरलं होतं. मी पलंगावर पडून तिचं काम ऐकायचो. ती ड्रायव्हरला शिव्या द्यायची, टायरवाल्याला शिव्या द्यायची, कोणाला तरी चहा सांगायची. मध्येच फोनजवळ येऊन म्हणायची, "हायस ना?" मी हं म्हणायचो. प्रेम या शब्दाचा मी कामात फारसा उपयोग केलेला नाही, तो बहुधा गुन्ह्याच्या बातम्यांत येतो. पण जे होतं ते हेच होतं.

उन्हाळ्यात ती लग्नाचं बोलायला घरी आली. ताईने ओटीवर खुर्ची दिली आणि आपलं नेहमीचं सुरू केलं. बायपोलर, गोळ्या, मुंबई, चहा की सरबत.

"ते मला म्हायती हाय," उरणवाली म्हणाली. "चहा द्या. मी लवकर जानार नाय."

ताई आत गेली नाही. "तुम्हाला फक्त नाव माहीत आहे. मी याच्या उशाशी रात्री काढल्यात. हा विहिरीकडे निघाला तर मागे कोण जाणार, तुमचा ड्रायव्हर?"

"तुमी काढल्यात त्या कोन नाय बोलतंय? पन त्या रात्रींचं बिल त्याच्या लगनावर का लावता?"

"तुमचं एक लग्न मोडलंय ना?"

"मोडलं नाय. मी मोडलं."

मी दोघींच्या मधल्या खुर्चीवर होतो. चहा शेवटी मीच केला.

उरणवालीला नोंदणी लग्न हवं होतं. पहिल्या लग्नात हळदीला डीजे होता, सगळं गाव नाचलं आणि नवरा तसा निघाला, आता तिला एक खोली, एक साहेब आणि सही एवढंच पुरे होतं. अशा लग्नाची नोटीस महिनाभर लावतात. ताईने हे कुठून तरी वाचून ठेवलं होतं.

"लावा नोटीस. मी हरकत घेते," ती म्हणाली. "ज्याचं मन ठिकाणावर नाही त्याचं लग्न होत नाही. कायदा आहे."

मी कायदा काढून वाचला. ती अर्धीच बरोबर होती. आजार असणं पुरेसं नसतं. त्यामुळे माणूस संमती देण्याच्या स्थितीत नाही, असं दिसावं लागतं. पण हरकत आली की चौकशी होणार. अलिबागच्या कचेरीत माझे रुग्णालयातले कागद उघडले जाणार, त्यावर प्रश्न विचारले जाणार, आणि प्रश्नांची उत्तरं माझी सख्खी बहीण देणार. उरणवालीचं म्हणणं, घेऊ दे हरकत. मला ते नको होतं. मला लग्न करायचं होतं आणि ते माझं डोकं तपासून झाल्यावर मिळालेल्या परवानगीने करायचं नव्हतं. ताईने स्वतःहून हरकत सोडावी, एवढीच माझी गरज होती. तिलाही ते कळलं होतं.

आषाढात एका सकाळी ती सुपारी सोलत बसली होती. मान वर न करता म्हणाली, "चातुर्मासात मीठ सोड."

आमच्या घरात चातुर्मासात काहीतरी सोडायची पद्धत आहे. घरावर काही आलं की कोणीतरी नेम बोलायचा आणि त्याने आषाढी एकादशीपासून कार्तिकीपर्यंत एक गोष्ट तोंडात घालायची नाही. मी दवाखान्यात होतो त्या वर्षी ताईने चहा सोडला होता. नेम करणारा आजारी पडला तर घरातल्या दुसऱ्या कोणी तो पुरा करायचा, एवढी एकच सवलत. आईचा पाय मोडला त्या वर्षी तिचे सोमवार वडिलांनी केले होते, दर वेळी कुरकुरत.

"कार्तिकीपर्यंत अळणी खा," ताई म्हणाली. "पाळलंस तर मी हरकत घेणार नाही. आयुष्यात एक गोष्ट धरून दाखव."

"आणि मोडला तर?"

"तर मी बोलले ते खरं. तुझ्या भरवशावर कोणी संसार करू नये."

मी हो म्हटलं. उरणवालीला फोनवर सांगितलं.

"दुसरं काय नाय मिललं सोडायला? पोरगी मिठागरवाल्याची करायची नि मीठ सोडायचं. हे मुद्दाम हाय."

ते मुद्दामच होतं. ताईने ते कधी नाकारलं नाही.

अळणी जेवणाची सवय होते असं म्हणतात. मला झाली नाही. आमटी म्हणजे पिवळं गरम पाणी, भाजी म्हणजे पाला. ताई माझ्याबरोबर अळणीच खात होती. दोन भांडी कोण करणार, असं तिने कारण दिलं. लोणचं, पापड, फरसाण घरातून गेलं. पावही बंद केला, त्यात मीठ असतं म्हणून. ती नेम कडक पाळत होती आणि माझ्याकडून पाळून घेत होती. सकाळ-संध्याकाळ गोळी, तोंड उघड, आणि अळणी भात.

श्रावणात उरणवाली जेवायला आली. ताईने तिलाही तेच वाढलं.

पहिला घास घेऊन ती थांबली. "मीठ?"

"या घरात सध्या नाही," ताई म्हणाली.

"पावन्याला पन नाय?"

"पाहुण्यांना जमत नसेल तर रस्त्यापलीकडे रिसॉर्ट आहे. तिथे सगळं मिळतं."

उरणवालीने पान संपवलं. निघताना मला म्हणाली, "अपमान पन शिजवून वाढते तुझी बहीन." पुढच्या वेळी येताना तिने काकाच्या, भरावातून वाचलेल्या मिठागरातलं खडा मीठ पुडीत आणलं. जेवायला बसल्यावर पुडी उघडून आपल्या ताटाच्या डाव्या बाजूला ठेवली आणि ताईकडे बघत आमटीत चिमूट टाकली. ताईने तिच्याकडे बघत तिची वाटी पुन्हा भरली, अळणी. दोघी बराच वेळ अशा जेवल्या. जाताना ती पुडी तशीच ठेवून गेली. ताईने ती उचलली नाही, फेकलीही नाही. फडताळाच्या कडेला मुंग्याही न लागलेली ती पुडी पडून राहिली.

मी तिला हात लावला नाही. मला नेम पुरा करायचा होता.

नवरात्र संपलं आणि ऊन वाढलं. वाडीत नुसतं उभं राहिलं तरी अंग घामाने भिजत होतं. त्याच दिवसांत माझा हात थरथरू लागला. थोडी थरथर गोळ्यांनी नेहमीच असते, पण आता कप बशीवर वाजू लागला. पोट बिघडलं. मग जीभ जड झाली. वार्ताहराशी फोनवर बोलताना त्याने विचारलं, सर, घेतलीय का? चालताना मी भिंत धरू लागलो.

ताईने हे सगळं बघितलं आणि तिचा चेहरा निवळला असं मला वाटलं. कदाचित तसं नसेल. ती म्हणाली, "सुरू झालं. मी सांगत होते. लग्नाचं डोक्यात घेतलं की हे होणार." तिने सुट्टी टाकली. मला खोलीतून बाहेर जाऊ देईना. गोळी देताना आता ती हात माझ्या हनुवटीखाली धरायची, एकही खाली पडू नये म्हणून.

उरणवालीने फोनवर माझं बोलणं ऐकलं. "हा तुझा खालचा आवाज नाय," ती म्हणाली. "वरचा पन नाय. हा भलताच हाय."

ताईने अलिबागच्या डॉक्टरांची वेळ घेतली. तिला डोस वाढवून हवा होता. तिने बोलून दाखवलं नाही, पण डॉक्टर काय म्हणाले ते पुढे हरकतीच्या वेळी उपयोगी पडेल असंही तिच्या मनात असावं. आम्ही रिक्षाने पोचलो तेव्हा उरणवाली दवाखान्याच्या पायरीवर बसलेली होती.

"तुम्हाला कोणी बोलावलं?" ताईने विचारलं.

"कोनीच नाय."

आत दोनच खुर्च्या होत्या. एकीवर मला बसवलं, दुसरीवर ताई बसली. उरणवाली दाराला टेकून उभी राहिली. डॉक्टर तरुण होते, नवीन आले होते. ताईने सांगायला सुरुवात केली. हात थरथरतो, जीभ अडखळते, चालताना झोक जातो, कामात लक्ष नाही. जुनंच आहे, पुन्हा उलटलंय.

"गोळ्या वेळेवर घेतात?"

"मीच देते. एकही चुकवू दिलेली नाही."

"झोप?"

"दिवसभर झोपतो."

डॉक्टरांनी माझ्याकडे एकदा पाहिलं आणि लिहायला पेन उचललं. तेवढ्यात उरणवालीचा संयम संपला. तिला ताईच्या विरोधात तक्रार करायची होती. तिच्या मनात दुसरं काही नव्हतं, हे तिने मला नंतर अनेकदा सांगितलं आहे.

"डॉक्टर, ही बाई त्याला कायतरी जेवन देते का ते इचारा आदी. आषाढापासून घरात मीठ नाय. मला पन अळनी वाढलं. जनावराला पन लोक मीठ चाटवतात."

"तो नेम आहे," ताई म्हणाली. "तुम्हाला नाही कळायचं."

"भावाला सुकवायचा नेम?"

"बाहेर व्हा."

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. "मीठ नाही म्हणजे कमी, की अजिबात नाही?" हे त्यांनी ताईला विचारलं. ताई उत्तर देणार तोच त्यांनी हात वर केला आणि खुर्ची माझ्याकडे वळवली. "तुम्ही सांगा."

मी जड जिभेने सांगितलं. आषाढी एकादशीपासून. अजिबात नाही. पावसुद्धा नाही.

त्यांनी लगेच रक्त घ्यायला लावलं आणि रिपोर्टची वाट न बघता मला ॲडमिट केलं. रिपोर्ट आल्यावर ते खाटेपाशी येऊन बोलले. शरीराला मीठ मिळेनासं झालं की मूत्रपिंड ते धरून ठेवायला बघतं आणि त्याबरोबर लिथियमही धरून ठेवतं. गोळी तेवढीच घेतली तरी रक्तात ती साठत जाते. वर ऊन, घाम आणि बिघडलेलं पोट. "आजार उलटलेला नाही," ते म्हणाले. "औषध चढलंय. आणखी काही दिवस असंच चाललं असतं आणि डोस वाढवला असता, तर काय झालं असतं ते मी आत्ता बोलत नाही." हे सगळं ते माझ्याकडे बघून सांगत होते. ताई पायथ्याशी उभी होती. त्यांनी तिला उद्देशून एकही वाक्य उच्चारलं नाही. मला वाटतं त्यात कठोरपणा नव्हता, पण तिला तो लागला.

गोळी थांबवली आणि सलाईन लावलं. ताई बाटलीकडे बघत राहिली. मग तिने नर्सला विचारलं, "यात काय असतं?"

"मीठ-पाणी, मावशी."

ताई स्टुलावर बसली. "म्हणजे नेम मोडला."

"मानूस मोडला असता," उरणवाली खिडकीजवळून म्हणाली.

"मी तुमच्याशी बोलत नाहीये."

"मी पन नाय."

मी घरी परतलो तेव्हा हात शांत झाला होता. लिथियम कमी मात्रेत पुन्हा सुरू झालं, मीठ नेहमीसारखं खायचं अशी सूचना मिळाली. ही सूचना या वेळी मला मिळाली होती. गोळ्यांची डबी माझ्या टेबलावर कीबोर्डशेजारी होती. ती तिथे ताईने ठेवली होती. त्यानंतर तिने मला तोंड उघड असं म्हटलं नाही. चूक झाली, असंही ती म्हणाली नाही. आजपर्यंत नाही.

कार्तिकी एकादशी अजून यायची होती. उरणवाली रोज विचारायची, "नोटीस कधी लावायची?" मी थांब म्हणायचो. अट स्पष्ट होती. नेम मोडला तर ताई हरकत घेणार. नेम मोडला होता, माझ्या इच्छेविरुद्ध असेल, पण शिरेतून मोडला होता. अटीत कारणं धरलेली नव्हती. आणि आता तर माझी दवाखान्यातली एक ताजी नोंदही होती.

"तू तिला भितोस," उरणवाली म्हणाली.

"हो."

"मी पन थोडी भिते. पन मी बोलून दाखवत नाय."

माझ्या ताटात आता मिठाची आमटी येत होती. ताई आपलं जेवण मागाहून, स्वयंपाकघरातच उरकायची. शेगडीच्या कडेला एक लहान पातेलं वेगळं असायचं. माझ्याबरोबर एका पंगतीला बसायचं नाही म्हणून हे चाललं आहे, असा माझा समज होता. ताई अबोला धरते तेव्हा तो भांड्यांपर्यंत जातो.

कार्तिकी एकादशीच्या दुसऱ्या दिवशी, द्वादशीला, ती पान घेऊन बाहेर आली आणि माझ्यासमोर बसली. माझ्या आमटीच्या पातेल्यातली आमटी तिने स्वतःला वाढून घेतली. फडताळावरची उरणची पुडी उघडली, एक खडा बोटांनी चुरला आणि पानात डावीकडे वाढला. पहिला घास घेतल्यावर तिचं तोंड वाकडं झालं. इतके महिने जिभेला मीठ नव्हतं.

मग मला कळलं. ती सलाईनच्या दिवसापासून काल रात्रीपर्यंत अळणीच जेवली होती. आजारी पडलेल्याचा नेम घरातल्या दुसऱ्याने पुरा करायचा असतो.

"खारट केलीस," ती म्हणाली. आमटी तिनेच केली होती. थोडं जेवल्यावर पुढे बोलली, "तुझा नेम पुरा झालाय. लावा नोटीस. मी हरकत घेणार नाही."

"ताई."

"लग्नाला येणार नाही. आणि तिला सांग, या घरात सकाळी उठून फोनवर शिवीगाळ चालणार नाही. मला शाळेची तयारी असते."

मी हे सगळं शब्दशः उरणवालीला कळवलं. पलीकडे टायरवाला काहीतरी बोलत होता, तिने त्याला गप्प बसवलं.

"ताईनं तुझा नेम केला?"

"हो."

"मंग ती हरली का जिंकली?"

मला माहीत नव्हतं आणि मी तसं सांगितलं.

"बाई डेंजर हाय," ती म्हणाली. तिच्या तोंडून ताईबद्दल निघालेलं हे सर्वांत चांगलं वाक्य आहे.

महिनाभर नोटीस लागून होती. हरकत आली नाही. ताई लग्नाला आली नाही. त्या दिवशी झाडांवरून सुपारी पाडून घ्यायचं काम काढून ती वाडीत उभी राहिली होती, असं शेजाऱ्यांनी सांगितलं. अलिबागच्या कचेरीत साहेबांनी मला विचारलं, स्वखुशीने करताय ना. मी हो म्हटलं. त्यांनी दुसरा प्रश्न विचारला नाही.

उरणवाली आठवड्यातले काही दिवस लाँचने उरणला जाते, उरलेले दिवस आमच्या घरात फोनवर, मोठ्या आवाजात, ट्रेलर चालवते. लग्नानंतर मी डबी तिच्यापुढे केली होती. तिने ती परत सरकवली. "तुझ्या गोल्या तू घे. मी गाड्या सांभालते, मानसं नाय." तेव्हापासून मीच घेतो. दोघी एकमेकींशी थेट बोलत नाहीत. आमटीत मीठ जास्त झालं तर उरणवाली मला सांगते, ताई ते ऐकते, आणि दुसऱ्या दिवशी तेवढंच मीठ असतं.

पाहुणे आले की ताई अजूनही ओटीवर खुर्च्या मांडते. "हा माझा भाऊ, याला बायपोलर आहे. ही याची बायको, हिला तोंड आहे. चहा घेणार की सरबत?"

हल्ली बहुतेक जण चहा घेतात आणि बसतात.